कॉम्प्युटरला जात नसते म्हणे!

दोस्तहो, आपल्या वस्तीत सध्या दोन तट पडलेत. विहाराच्या पायरीवर रोज संध्याकाळी जुंपते. एक तट म्हणतो, पोरांना कोडिंग शिकवा, कॉम्प्युटरला जात नसते. दुसरा म्हणतो, ते भामट्यांचं दुकान आहे, पोरांनी बँकेच्या परीक्षा द्याव्यात, सरकारी खुर्ची बरी. मी दोघांचं ऐकलं. आता माझं ऐका.

खुर्चीवाल्यांना मी हसणार नाही. 1969 साली चौदा बँका सरकारी झाल्या, पुढं आरक्षण लागू झालं, म्हणून आपली पोरं काउंटरच्या आतल्या बाजूला बसली. पण त्या खुर्चीच्या भरवशावर पोरांना कॉम्प्युटरपासून लांब ठेवायचं, म्हणजे आपल्याच हातानं त्यांना पुन्हा गावकुसाबाहेर बसवायचं.

कोडिंगवाल्यांना मात्र थेट सवाल. कॉम्प्युटरला जात नसते, कबूल. पण त्याच्यापुढं कुणाला बसवायचं हे माणूस ठरवतो. खाजगी कंपनीच्या फाटकाशी आरक्षण संपतं. आत आडनाव विचारतात, आडनावावरून उमगलं नाही तर गाव विचारतात. ही जात साता समुद्रापार गेली. 2020 साली कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्यानं सिस्को कंपनीवर दावा लावला. आरोप असा, की दलित इंजिनियरला वरिष्ठांनी जातीवरून वाईट वागवलं. कंपनीनं आरोप नाकारला. पण 2023 साली सिॲटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागलाच ना? उगाच केला काय तो?

आता पैशाचं बोलू. माझ्या बहिणीनं पोराला गल्लीतल्या कोडिंगच्या क्लासात घातलं. फी पस्तीस हजार. क्लासवाला म्हणाला, ताई, रोख कशाला, हप्ते बांधून देतो. मोबाईलवर आकडा आला, तिनं सांगितला, झालं. तिला वाटलं फीचे हप्ते. ते होतं कर्ज! फायनान्सवाल्यानं रक्कम क्लासवाल्याला देऊन टाकली, देणं बहिणीच्या नावावर. चौथ्या महिन्यात क्लासला कुलूप. शिकवणारा पळाला, वसुलीवाला राहिला. बहीण आजही बचत गटातून उचलते नि हप्ता भरते.

ही गल्लीची तऱ्हा. मोठ्या पेढीचं बघा. ऑगस्ट 2020 मध्ये बायजूजनं पोरांना कोडिंग शिकवणारी व्हाइटहॅट ज्युनियर 30 कोटी डॉलरला विकत घेतली. 2022 साली बायजूजची किंमत 22 अब्ज डॉलर सांगत होते. जुलै 2024 मध्ये न्यायाधिकरणानं तिच्याविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला. तेव्हा किंमत सांगणारे कुठं गेले?

म्हणून सांगतो, शिकावं की शिकू नये हा वादच खोटा. शिकायचंच. पण कुणाच्या पैशानं, आणि शिकल्यावर दार कोण उघडणार, हे विचारून शिकायचं. 2020 च्या शैक्षणिक धोरणात माध्यमिकच्या आधीच्या वर्गांत कोडिंग लिहिलंय. मग आपल्या शाळेतले कॉम्प्युटर कपड्याखाली झाकून का ठेवलेत? त्या खोलीची किल्ली मागा. खाजगी कंपनीत आरक्षण मागा. भीक नव्हे, हक्क.

आणि पैसा हा आपला विषय नाही असं कुणी म्हणू नये. बाबासाहेबांनी 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. 1925 साली हिल्टन यंग कमिशनपुढं त्याच रुपयावर साक्ष दिली. त्या माणसाचं नाव घेणाऱ्या वस्तीत एका बाईला कर्जाचा कागद वाचून दाखवणारा कुणी नव्हता. मीही नव्हतो. याची मला लाज वाटते.

बँकेत बसलेल्यांनो, कोडिंग शिकलेल्यांनो, पायरीवरचं भांडण बंद करा. एकानं कर्जाचे कागद वाचावेत, दुसऱ्यानं पोरांना फुकट शिकवावं. येत्या रविवारी बहिणीचा कागद घेऊन मी विहारात येतोय. चष्मे घेऊन या.

जयभीम.