विश्लेषण : पावाला लोणी की मार्जरीन? चवीचा हिशेब वेगळा, आरोग्याचा वेगळा!

भिवंडीत सकाळी यंत्रमागाची पाळी बदलते, तेव्हा कारखान्यांच्या गल्लीतल्या टपऱ्यांवर चहासोबत खारी, टोस्ट नाहीतर ‘बटर’ मागितले जाते. हे ‘बटर’ म्हणजे लोणी नव्हे. तो मैद्याचा, जिरे घातलेला, कडक भाजलेला गोळा असतो. चहात बुडवल्याशिवाय तो दाताला दाद देत नाही. नावात बटर असले तरी स्वस्त मालात बहुतेकदा वनस्पती तूप किंवा बेकरी मार्जरीन वापरलेले असते. संध्याकाळी पावभाजीच्या गाडीवर ‘एक्स्ट्रा बटर’ सांगितले जाते, तेव्हाही तव्यावर नेमके काय पडले हे खाणाऱ्याला ठाऊक नसते. त्यामुळे ‘लोणी चांगले की मार्जरीन’ या जुन्या वादात आणखी एक प्रश्न मिसळला आहे. खाणाऱ्याला निवडीची संधी तरी मिळते का?

लोणी आणि मार्जरीनमध्ये फरक काय?

लोणी दुधापासून येते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरण म्हणजे ‘एफएसएसएआय’च्या निकषांनुसार बाजारातल्या टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के दुधाचा मेद हवा आणि मीठ ३ टक्क्यांहून जास्त नको. उरलेला भाग मुख्यतः पाण्याचा आणि थोड्या दुधाच्या घन घटकांचा असतो. घरी विरजणाच्या सायीतून निघणारे म्हशीच्या दुधाचे लोणी पांढरे असते, कारण म्हैस चाऱ्यातल्या पिवळ्या बीटा कॅरोटिनचे ‘अ’ जीवनसत्त्वात रूपांतर करते. दुकानातल्या अनेक बटरचा पिवळा रंग ॲनाटो या वनस्पतिजन्य रंगाचा असतो. रंग पाहून अस्सलपणा ठरवण्यात म्हणूनच अर्थ नाही.

मार्जरीनमध्येही मेद साधारण ८० टक्केच असतो, पण आपल्याकडे तो खाद्यतेलांचा असतो. तेल आणि पाणी एकजीव करून, रंग, वास आणि जीवनसत्त्वे घालून त्याला लोण्याचे रूप दिले जाते. मेद सारखाच असल्याने उष्मांकही जवळपास सारखेच, म्हणजे १०० ग्रॅमला सुमारे ७२० कॅलरी. ‘मार्जरीन हलके असते’ हा समज इथेच निकालात निघतो. मेद कमी हवा असेल तर ‘फॅट स्प्रेड’ हा तिसरा प्रकार आहे. त्यात दुधाचा मेद, वनस्पती तेल किंवा दोन्हींचे मिश्रण असू शकते.

मार्जरीन आले कुठून?

फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याला सैन्यासाठी आणि गरिबांसाठी लोण्याला स्वस्त पर्याय हवा होता. १८६९ मध्ये इपोलित मेज-मुरिए या रसायनतज्ज्ञाने गुरांच्या चरबीपासून तो तयार केला. पुढे १९०२ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मन यांनी पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले आणि चरबीची जागा वनस्पती तेलाने घेतली.

याच तंत्राचे भारतीय रूप म्हणजे वनस्पती तूप. १९३२ मध्ये मुंबईत शिवडीला त्याचा कारखाना सुरू झाला आणि १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आला. तो इतका रुजला, की महाराष्ट्रात कोणत्याही कंपनीच्या वनस्पती तुपाला डालडाच म्हटले जाऊ लागले. शुद्ध तुपात त्याची भेसळ होऊ लागली, तेव्हा ती पकडण्यासाठी वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल सक्तीचे केले गेले. तीळतेलाचा अंश असलेले तूप प्रयोगशाळेत बोदुआँ चाचणीत तांबडा रंग देते आणि लबाडी उघडी पडते. विकणारा सांगत नाही, म्हणून पदार्थालाच बोलते करण्याची ही युक्ती होती.

मार्जरीन बदनाम का झाले?

तेलाचे हायड्रोजनीकरण अर्धवट केले, की ट्रान्स फॅट तयार होतात. सुरुवातीला कोणी त्यांची फारशी फिकीर केली नाही. उलट लोण्यातले कोलेस्टेरॉल आणि संपृक्त मेद टाळण्यासाठी मार्जरीन खाण्याचा सल्ला पाश्चात्त्य देशांत दिला जात होता. १९९० मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवून दिले, की ट्रान्स फॅट ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाढवतात आणि शिवाय ‘चांगले’ कोलेस्टेरॉल कमी करतात. १९९३ मध्ये ८५ हजारांहून अधिक अमेरिकी परिचारिकांच्या पाहणीत सर्वाधिक ट्रान्स फॅट खाणाऱ्या गटात हृदयविकाराचा धोका सर्वात कमी खाणाऱ्यांच्या सुमारे दीडपट आढळला.

डेन्मार्कने २००३ मध्ये त्यांवर कायद्याने मर्यादा घातली. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औद्योगिक ट्रान्स फॅट जगातूनच हद्दपार करण्याचे आवाहन केले. भारतात ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली. आधी तेल-तुपात १० टक्क्यांपर्यंत मुभा होती. ती ५ टक्क्यांवर, १ जानेवारी २०२१ पासून ३ टक्क्यांवर आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली गेली. २०२२ चा नियम तेल-तूप वापरून बनवलेल्या पदार्थांनाही लागू आहे. म्हणजे कागदावर तरी भिवंडीच्या गल्लीतली खारीही त्याच्या कक्षेत येते.

मग आताचे मार्जरीन निर्धोक मानायचे का?

नियम पाळून बनवलेले मार्जरीन पूर्वीइतके घातक राहिलेले नाही, हे मान्य करायला हवे. पण ‘ट्रान्स फॅट गेले’ याचा अर्थ ‘हृदयाला हितकारक झाले’ असा होत नाही. अर्धवट हायड्रोजनीकरण बंद झाल्यावर मेद घट्ट ठेवायला दुसरा उपाय लागतोच. आपल्याकडे तो उपाय बहुतेकदा पामतेल हाच असतो. ते स्वस्त असते आणि मुळातच निमघट्ट असते. त्यातला जवळपास निम्मा मेद संपृक्त असतो.

परदेशी लेखांतल्या सल्ल्याची गफलत इथेच होते. तिथे ज्या मऊ मार्जरीनची शिफारस केली जाते, ते सूर्यफूल, सोयाबीन, कॅनोला अशा असंपृक्त तेलांचे असते आणि डबीतून चमच्याने काढता येते. आपल्या बेकरीत खोक्यातून येणारी कडक लादी हा वेगळा पदार्थ आहे. नाव एकच असले तरी एकाचा दाखला देऊन दुसऱ्याला प्रमाणपत्र देता येणार नाही.

‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या दाव्याचेही तसेच. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतेच. त्यामुळे हा दावा खरा असला तरी त्यातून नवी माहिती काहीच मिळत नाही. पाहायचा आकडा संपृक्त मेदाचा.

म्हणजे लोणीच बरे?

मार्जरीनच्या बदनामीनंतर लोण्याला जणू निर्दोषत्वाचा दाखला मिळाला. समाजमाध्यमांवर तर लोणी-तूप कितीही खा, असे सांगणाऱ्यांचे पेव फुटले. आकडे मात्र त्यांच्या बाजूने नाहीत. १०० ग्रॅम लोण्यात सुमारे ५० ग्रॅम संपृक्त मेद असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराच्या उष्मांकांपैकी संपृक्त मेदाचा वाटा १० टक्क्यांहून अधिक नसावा. २००० कॅलरींच्या आहारात ही मर्यादा साधारण २२ ग्रॅम होते. पावभाजीच्या एका प्लेटमध्ये भाजीवर आणि पावाला मिळून ३० ग्रॅम लोणी गेले, तर त्यातले १५ ग्रॅम तिथेच संपले.

मार्च २०२५ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात सुमारे २ लाख २१ हजार अमेरिकी आरोग्य कर्मचाऱ्यांची, ३३ वर्षांपर्यंत चाललेली पाहणी प्रसिद्ध झाली. सर्वाधिक लोणी खाणाऱ्यांत मृत्यूचा धोका सर्वात कमी खाणाऱ्यांपेक्षा १५ टक्के अधिक दिसला. रोजच्या १० ग्रॅम लोण्याऐवजी तेवढ्याच उष्मांकांचे वनस्पती तेल घेतल्यास हा धोका १७ टक्क्यांनी कमी होऊ शकतो, असाही अंदाज त्यात मांडला आहे. ही निरीक्षणात्मक पाहणी होती, तिने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. शिवाय तुलना लोणी आणि तेलाची होती, लोणी आणि मार्जरीनच्या लादीची नव्हे. तरीही दिशा स्पष्ट आहे : रोजच्या वापरात या दोहोंपेक्षा साधे तेल सरस ठरते. शेंगदाणा तेलात संपृक्त मेद साधारण एक पंचमांश असतो.

चवीचे काय?

इथे लोणी निर्विवाद पुढे आहे. ते तोंडातल्या उष्णतेला पूर्ण वितळते आणि दुधाच्या आंबण्यातून आलेला त्याचा वास कारखान्यातल्या अर्काला पुरता साधत नाही. घट्ट वनस्पतीचा वितळणबिंदू ३१ ते ४१ अंश सेल्सियसच्या मर्यादेत असावा लागतो आणि शरीराचे तापमान ३७ अंश. वरच्या टोकाचा मेद तोंडात पूर्ण वितळत नाही आणि टाळूला मेणासारखा थर बसतो. स्वस्त क्रीमरोल खाल्ल्यावर हा अनुभव हमखास येतो.

पण बेकरीवाल्याची बाजूही समजून घ्यायला हवी. खारीचे पापुद्रे सुटायचे तर पिठाच्या घड्यांमध्ये मेद घट्ट राहावा लागतो. भिवंडीच्या उन्हाळ्यात, भट्टीशेजारी लोणी वितळून पिठात मुरते, मार्जरीन टिकते. शिवाय ते बरेच स्वस्त पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लोण्यावरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तरी दोन-चार रुपयांना विकायच्या बटरमध्ये लोणी परवडणार नाही. त्यामुळे मार्जरीन वापरणे हा गुन्हा नाही. ते न सांगणे हा प्रश्न आहे.

घरी निवड कशी करावी?

‘खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी’ हा बाणा या बाबतीत दोन्हीकडून चुकीचा. पावाला लावायला हवे तर अस्सल लोणीच लावावे, पण पातळ थर, आणि रोज नव्हे. एक चहाचा चमचा म्हणजे सुमारे पाच ग्रॅम. चव त्यात पुरेपूर येते. फोडणी, परतणे, भाजी यांसाठी तेल वापरावे. कडकडीत तव्यावर लोण्यातले दुधाचे घटक करपतात, त्यामुळे तिथे लोणी घालून चवही हाती लागत नाही. कोलेस्टेरॉल किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी खारट बटरमधले मीठही मोजावे आणि प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

मार्जरीन किंवा स्प्रेड घ्यायचे असेल तर पाकिटाची मागची बाजू वाचावी. घटकांच्या यादीत सर्वात आधी काय आहे ते पाहावे, कारण यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. संपृक्त मेदाचा आकडा १०० ग्रॅममागे लोण्याच्या ५० शी ताडून पाहावा. तो बराच कमी असेल तर बदल करण्यात अर्थ आहे. फारसा फरक नसेल तर चवही गमावली आणि फायदाही नाही.

पण सुट्या मालाचे काय?

घरातली निवड सोपी आहे, कारण पाकीट बोलते. भिवंडीतल्या कामगाराच्या वाट्याला मात्र पाकीट येत नाही. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला, यंत्रमागावर किंवा महामार्गालगतच्या गोदामात राबणारा माणूस बरणीतले बटर घेतो आणि गाडीवरचा पाव खातो. त्याला ना यादी दिसते, ना आकडा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आरोग्याचे सल्ले ज्यांच्याकडे पर्याय आहेत त्यांनाच ऐकवले जातात. ज्यांचा नाश्ताच या मेदावर चालतो, त्यांच्यापर्यंत ते पोहोचत नाहीत.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. ऑक्टोबर २०२० पासून मिठाईच्या दुकानात सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘कधीपर्यंत खाण्यायोग्य’ ही तारीख लावणे बंधनकारक झाले. मिठाईवाल्याला तारखेची पाटी लावता येते, तर बेकरीवाल्याला ‘यात वनस्पती मेद वापरला आहे’ अशी पाटी लावणे अवघड नाही. पावभाजीच्या गाडीवर ‘लोणी’ आणि ‘मार्जरीन’ असे दोन दर लिहिले, तर बारा रुपये जास्त देऊन लोणी घ्यायचे की नाही, हे ग्राहक ठरवेल. मार्च २०२५ मध्ये बनावट पनीरचा मुद्दा थेट विधानसभेत गाजला. दुधाच्या नावाने दुसरेच काही खपवण्याबाबत जी जागरूकता पनीरला लाभली, ती पावावरच्या बटरलाही मिळायला हवी. अन्न व औषध प्रशासनाने बेकऱ्यांतल्या मेदाचे नमुने नियमित तपासून निष्कर्ष जाहीर केले, तर २ टक्क्यांचा नियम किती पाळला जातो तेही कळेल.

लोणी की मार्जरीन, याचे उत्तर चवीसाठी लोणी, प्रमाणात; आणि रोजच्या स्वयंपाकाला तेल, असे देता येते. पण हे उत्तर उपयोगी पडायचे तर समोरच्या बशीत काय आहे हे आधी कळले पाहिजे. तोवर भिवंडीच्या टपरीवर बटर मागणाऱ्याच्या हातात फक्त नाव पडत राहील.