फितूर म्हणण्याआधी

मराठीत मनाच्या गोष्टी माणूस करत नाही, त्या त्याला होतात, असे मत वरचेवर ऐकू येते. दाखले ठरलेले असतात: मला राग येतो, मला भीती वाटते, मला आठवते. यावरून मराठी माणसाचे मनच निष्क्रिय ठरवले जाते. हे मत मला साफ नामंजूर आहे. त्याची परीक्षा झाशीच्या ओरछा दरवाजापाशी घेऊ.

३ एप्रिल १८५८ रोजी इंग्रज सेनापती सर ह्यू रोझची फौज शहरात घुसली. झाशीच्याच बाजूच्या दुल्हाजू नावाच्या माणसाने ओरछा दरवाजा आतून उघडून दिला, अशी लोककथा आहे. वृंदावनलाल वर्मा यांच्या १९४६ च्या हिंदी कादंबरीतही दुल्हाजू आहे. इंग्रजांचे लष्करी वृत्तान्त मात्र तटाला लावलेल्या शिड्या आणि तटातले भगदाड यांबद्दल बोलतात. दरवाजा उघडला असे घटकाभर धरले, तरी उघडणाऱ्याच्या मनाबद्दल काय म्हणाल?

‘तो घाबरला.’ इथे ‘तो’ प्रथमेत आहे, पण घाबरणे त्याने निवडलेले नाही. ‘त्याला दार उघडायचे होते.’ इथे ‘त्याला’ आहे, तरी इरादा पुरेपूर आहे. विभक्तीवरून कर्तृत्व मोजणारे इथेच अडतात. रुचणे या अर्थाच्या धातूंशी पाणिनीने आवड असणाऱ्याला संप्रदान (चतुर्थीचे कारक) म्हटले, ते वाक्यातले नाते सांगायला. माणसाची हतबलता सांगायला नव्हे.

मराठीची खरी सूक्ष्मता क्रियापदांत आहे. ‘इंग्रज येतील असे त्याला वाटले नाही’ म्हणजे बहुधा ते येणार नाहीत असेच त्याला वाटले. ‘इंग्रज येणार हे त्याला माहीत नव्हते’ यात मात्र इंग्रज येणार होते हे बोलणाऱ्याने आधीच मान्य केलेले असते. ‘असे’ वाटते, ‘हे’ माहीत असते. एवढ्याशा शब्दात समज आणि ज्ञान वेगळे होतात.

‘फितूर’ तर आणखी पुढे जातो. शत्रूशी संधान, परिणामाची जाण आणि तरीही केलेली निवड, हे सारे त्यात आहे. दुसऱ्याचे मन दिसत नाही म्हणून असे सगळे शब्द अंदाजच, हेही मी मानत नाही: निरोप, भेटी, मोबदला यांचा माग काढता येतो. तो ज्याच्या हाती नाही त्याने ‘दरवाजा उघडला’ एवढेच लिहावे. आणि फौज शिड्यांवरून आत आली असेल, तर तेही नाही.