मशीन घरी गेल्यावर

श्रवणयंत्राच्या फिटिंगच्या दिवशी आपण तासाभरात किती सांगतो! सेलचे स्टिकर काढल्यावर मिनिटभर का थांबायचे, उजवे-डावे कसे ओळखायचे, मोल्ड कसा फिरवून बसवायचा, शिट्टी का वाजते, पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत का ठेवायचे. समोरचे आजोबा मान डोलावत राहतात. ऐकू कमी येते म्हणूनच तर ते आलेले असतात, हे आपण त्या तासात विसरतो. घरी गेल्यावर भांड्यांचा खणखणाट अंगावर येतो, स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि मशीन कपाटात जाते.

या पहिल्या काही आठवड्यांसाठी ऑनलाइन मदत हवी, यावर आता वाद नाही. पण ती कुणाच्या हातात पोहोचते?

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला मेलानी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी नव्या वापरकर्त्यांसाठी छोट्या चित्रफिती तयार केल्या. प्रथमच यंत्र घेणाऱ्या 203 जणांवरचा त्यांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रफिती मिळालेल्या गटाची माहिती वाढली, यंत्र हाताळण्यातही ते सरस ठरले. एकूण वापरात मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. यंत्र कमी वापरणाऱ्यांपुरता तो दिसला. आणखी एक गोष्ट आम्हाला बोलकी वाटते. बहुतेकांनी त्या चित्रफिती इंटरनेटवर नव्हे, डीव्हीडीवर पाहिल्या.

आपल्याकडे लिंक जाते मुलाच्या फोनवर. मुलगा पिंपरीत, वडील साताऱ्याजवळच्या गावात. मुलगा अंगठा दाखवतो, आपण नोंद करतो ‘समुपदेशन पूर्ण’. म्हणून फिटिंगच्या वेळीच विचारावे: घरात दिवसभर सोबत कोण असते, स्मार्टफोन कुणाकडे असतो? व्हिडिओ कॉल वापरणाऱ्याशीच करावा. चेहऱ्यावर उजेड हवा, हाताशी जाड पेनाने लिहायला कोरे कागद हवेत. चित्रफितीत मराठी अक्षरे मोठी असावीत आणि सेल बदलणारी बोटे पंचाहत्तरीतली असावीत, जाहिरातीतल्या तरुणीची नकोत.

दुरून सेटिंग बदलता येते म्हणून हुरळून जाऊ नये. कानातला मळ आणि सैल मोल्ड अॅपला दिसत नाहीत. अशा मोल्डवर आवाज वाढवला तर शिट्टीच वाढेल. कान दुखणे, वाहणे किंवा ऐकू येणे अचानक कमी होणे यांवर कॉलवर सल्ला देत बसू नये. थेट कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवावे.

पैशांचेही स्पष्ट बोलू. पाठपुराव्याचा खर्च यंत्राच्या किमतीत दडवला की तो फुकट वाटतो; मग रुग्ण तो मागत नाही आणि आपणही टाळतो. बिलावर तो वेगळा लिहावा. आठव्या दिवशीचा कॉल, महिन्याची भेट, आणि त्या भेटीत यंत्रातल्या नोंदीवरून रोजचे तास. तास दोनाच्या आत असतील तर आधी कारण विचारावे, सेटिंगला नंतर हात लावावा.

पुढच्या अंकापासून आम्ही अशा चित्रफितींच्या संहिता छापणार आहोत. वऱ्हाडी, अहिराणी आणि मालवणीत कुणी लिहून पाठवल्यास त्यांना आधी जागा देऊ.