प्रत्येक जळजळ म्हणजे पित्त नव्हे

लावणीचे दिवस आले की रत्नागिरीच्या खेडोपाडी कंबर धरणाऱ्यांची संख्या वाढते. औषधाच्या दुकानातून अंगदुखीची गोळी आणायची, कोऱ्या चहाबरोबर घ्यायची आणि पुन्हा चिखलात उतरायचे. आठवड्याभरात पोटात जळजळ सुरू झाली की ‘पित्त झाले’ म्हणून कोकम सरबत किंवा सोडा घेतला जातो. गोळी मात्र चालूच राहते.

जठरातील आम्ल जठरालाच जाळत नाही, कारण आतील अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा थर असतो. हा थर टिकवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये शरीरच बनवते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन ही औषधे नेमकी हीच द्रव्ये अडवून वेदना कमी करतात. मग अस्तर लाल होते, वरच्या पेशी गळतात व बारीक ओरखडे पडतात. झीज अस्तरापुरती असेल तर लवकर भरून येते; ती त्याखाली खोल गेली की व्रण होतो. ‘खाऊन घेतली की धोका नाही’ ही समजूतही अपुरी आहे, कारण औषधाचा परिणाम रक्तातूनही होतो.

दुसरे मोठे कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. ऑस्ट्रेलियातील वॉरन व मार्शल यांना त्याच्या शोधाबद्दल २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू वर्षानुवर्षे राहिल्यास अस्तराला कायमची सूज येते, ग्रंथी आकसतात, काहींच्या जठरात आतड्यासारख्या पेशी दिसू लागतात आणि थोड्या रुग्णांत पुढे कर्करोग होतो. प्रतिजैविकांनी तो घालवता येतो, सोड्याने नाही.

यात दोष कष्टकऱ्याचा नाही. दवाखाना गाठायचा तर त्याची दिवसाची मजुरी बुडते. म्हणूनच डायक्लोफेनॅकसारखी गोळी चिठ्ठीशिवाय न देण्याचा नियम दुकानदारांनी पाळावा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत पोटाची तक्रार सांगणाऱ्या प्रत्येकाला ‘अंगदुखीची गोळी घेता का?’ हे आधी विचारले जावे, असे आमचे मत आहे.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे : डांबरासारखे काळे शौच किंवा रक्ताची उलटी झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वजन घटत असेल, घास अडकत असेल तर दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. वेदनाशामकामुळे व्रणाची वेदनाही झाकली जाते. पोट दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. हृदयविकारासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.