सैंधव व्रताला, आयोडीन रोजच्या डाळीला



पेपरची पुरवणी असो की व्हॉट्सॲप, एकच सूर: थायरॉईड नको असेल तर साधं मीठ सोडा, सैंधव खा. आमच्या डोंबिवलीत कितीतरी जणींनी बरणी बदललीसुद्धा.

पण आयोडीन कमी पडलं की गलगंड होतो. म्हणूनच १९६२ साली सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि मिठात आयोडीन आलं. सैंधवात ते नगण्य असतं, हे बातमीत कुठे येतं? मासे-अंडी आपल्याला वर्ज्य. दुधाखेरीज आपला आधार मीठच.

अनेकांत मानणाऱ्यांनी एकच बाजू ऐकून स्वयंपाकघर बदलू नये. व्रताला सैंधव जरूर घ्या, रोजच्या डाळीत मात्र पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ वाचूनच मीठ घाला. थायरॉईडची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.