औषधांचीही रोजमेळ हवी

बोदवडच्या पेढीवर दिवसाचा व्यवहार त्याच दिवशी वहीत चढतो. घरातील औषधांचा हिशेब मात्र तोंडीच राहतो. जळगावला थायरॉइडतज्ज्ञांकडे जाण्यापूर्वी तोही लिहून काढावा.

थायरॉक्सिनची गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर घ्यावी. चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. नवकारसी करणाऱ्यांनी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी पच्चक्खाण पारून प्रथम गोळी घ्यावी व तेवढेच थांबावे. रात्री गोळी घेण्याचा सल्ला मिळाल्यास चौविहाराचा नियम डॉक्टरांना आवर्जून सांगावा. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात. अन्यथा थायरॉक्सिन पुरते शोषले जात नाही.

केसांसाठी घेतले जाणारे बायोटिन अधिक फसवे. काही तपासण्यांत त्यामुळे टीएसएच प्रत्यक्षाहून कमी दिसते, डोस अकारण घटवला जातो आणि रुग्णाचा थकवा वाढतच राहतो. म्हणून रक्त देण्यापूर्वी ते किमान दोन दिवस बंद ठेवावे. मात्रा मोठी असल्यास किती दिवस, हे डॉक्टरांना विचारावे. थायरॉक्सिन मात्र स्वतःहून कधीच थांबवू नये.

प्रत्येक गोळीचे नाव, मात्रा व वेळ लिहिलेला कागद अहवालाइतकाच मोलाचा आहे. आयुर्वेदिक चूर्णही त्यातून वगळू नये.