बॉल आजीकडे

जव्हारला तुम्ही गेला असाल तर बहुतेक पावसातच. दाभोसा धबधबा, जयविलास पॅलेस, गरमागरम भजी, शंभर-दीडशे फोटो... आणि रविवारी संध्याकाळी मुकाट्याने परत. आम्हीही तसेच निघालो होतो, मोखाडा-खोडाळामार्गे कसाऱ्याकडे. वाटेत एका पाड्याजवळ चहासाठी गाडी थांबवली, तर समोरच्या माळावर मॅच चालू! घोट्यापर्यंत चिखल, गोलपोस्टला बांबू, बूट एकाच्याही पायात नाहीत. पण पासिंग? एकदम क्लास.

मध्येच एकाने विचारलं, "ताई, मुंबईची टीम कोणती?" मी 'मुंबई सिटी' म्हणून मोकळी झाले. गाडीत बसल्यावर मात्र दुसरंच नाव आठवलं. महिंद्र युनायटेड.

शाळेत असताना बाबांच्या तोंडी हे नाव सारखं असायचं. १९६२ साली कंपनीची टीम म्हणून सुरू झालेला क्लब. ड्युरँड कप, फेडरेशन कप, आयएफए शील्ड, सगळं जिंकून झालेलं. २००५-०६ मध्ये तर राष्ट्रीय लीगच मारली. कोच डेरिक परेरा, पुढे ब्राझीलचा बॅरेटो आणि घानाचा याकुबू. कोलकाता-गोव्याच्या मक्तेदारीत मुंबईने घुसून दाखवलं होतं, बॉस! आणि २०१० मध्ये कंपनीने ठरवलं की सीनियर टीम बंद करायची, त्याऐवजी शाळांच्या फुटबॉलकडे लक्ष द्यायचं. खेळ खल्लास. कंपनीला दोष द्यायचा नाहीये मला. टीम त्यांची, पैसे त्यांचे, निर्णयही त्यांचाच. प्रॉब्लेम नेमका तोच आहे. क्लबला मालक होता, मोहल्ला नव्हता.

मोहल्ला असला की काय होतं, ते हंगेरीत बघा. बुडापेस्टच्या कडेला किश्पेश्त नावाची कामगारवस्ती. तिथला क्लब १९०९ चा. या वस्तीत फेरेंक पुष्काश आणि योझेफ बोझिक ही दोन पोरं शेजारी-शेजारी राहायची. खेळायला बोलवायचं तर मधल्या भिंतीवर टकटक! पुष्काशचं वय कमी पडत होतं म्हणून त्याचं नाव क्लबात खोटं लावलेलं. (आपल्याकडच्या शालेय स्पर्धांची आठवण झाली ना?)

१९४९ मध्ये सरकारने हा क्लब उचलून लष्कराला दिला. नाव झालं होनव्हेद, म्हणजे देशरक्षक. देशभरातले तगडे प्लेअर तिथे आणले. २५ नोव्हेंबर १९५३ ला वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असं धुतलं, त्या अकरात निम्म्याहून जास्त होनव्हेदचे. सहापैकी दोन गोल पुष्काशचे, एक बोझिकचा. म्हणजे निम्मे गोल त्या एका भिंतीच्या दोन बाजूंचे!

१९५६ मध्ये टीम युरोपियन कपसाठी परदेशात असताना बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले. टीम फुटली. कोचिश आणि चिबोर पुढे बार्सिलोनाला, पुष्काश १९५८ मध्ये रेआल माद्रिदला. बोझिक मात्र घरी परतला आणि शेवटपर्यंत याच क्लबकडून खेळला. लष्कराचा जमाना संपल्यावर, १९९१ मध्ये, क्लबच्या नावात किश्पेश्त परत आलं. नंतर ते पुन्हा गेलं, क्लब वर-खाली होत राहिला, २०२३ मध्ये वरच्या लीगमधून बाहेरही पडला. पण आहे. स्टेडियमला नाव बोझिकचं, परतलेल्याचं.

इतक्या लांब कशाला, कोल्हापूर बघा ना. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ... एकेका टीममागे अख्खी पेठ उभी. स्ट्रायकर नायजेरियाहून आलेला असेल, पण जर्सी तालमीची. शाहू स्टेडियमवर फायनल असली की दुपारनंतर कोल्हापुरात कुणाकडे काम काढू नये. तिथल्या अनिकेत जाधवने २०१७ चा अंडर-सेव्हन्टीन वर्ल्ड कप खेळला, तो काही आभाळातून पडला नव्हता.

मग या पाड्यावर काय कमी आहे? पोरं आहेत, माळ आहे, पाऊस तर हवा तेवढा. निघता निघता मी विचारलं होतं, तालुक्याला वगैरे खेळता का? गोलकीपर हसला. भात-नागली निघाली, दिवाळी झाली की तो आईबापाबरोबर भिवंडीला वीटभट्टीवर. डिफेन्समधले दोघे भाऊ वसईकडे. एकजण नाशिकला, द्राक्षांच्या कामाला. टीम जूनमध्ये जमते आणि दिवाळीला सुटते, दरवर्षी. मागच्या वर्षीचा त्यांचा सगळ्यात फास्ट प्लेअर या पावसात आलाच नाही, तिकडेच कामाला राहिला. म्हणजे इथे क्लब बंद करायला कंपनी लागत नाही की रणगाडे. भिंतीवर टकटक करायची तर पलीकडे कुणीतरी असायला हवं ना!

"मग बॉल कोण नेतं?" मी विचारलं.

"कोण नाय. बॉल आजीकडं राहतो," गोलकीपर म्हणाला. म्हातारी माणसं पाड्यावरच असतात. आजी बॉल पोत्यात घालून वर माळ्यावर ठेवते, नागलीच्या कणग्याशेजारी. पाऊस लागला की काढायचा. हवा तेवढी भरावी लागते.